तीन पेरांचा बोळ

भामा जाऊन आठ महिने झाले. परवा लेक आली आणि आईची भांडी काढून बसली. चांगली एकीकडं, मोडीत घालायची एकीकडं. मोडीच्या ढिगात तिनं एक पितळी तांब्या टाकला. पोटाला पोचा, गळ्याला तारेनं घासून पडलेला चर. मी ओरडलोच, "त्याला हात लावू नगं!"

लेक दचकली. म्हणाली, "दादा, हा गळतोय."

"गळू दे की. तू या घरात हाईस ती त्या तांब्यामुळं."

म्हातारा कामातनं गेला, असं तिनं माझ्याकडं बघितलं. तिला काही माहीत नाही. तिच्या आईलाही निम्मंच माहीत होतं. निम्मं मी सांगितलं नाही. आता सांगावं तर ती नाही. म्हणून लिहायला बसलोय. शाळा चौथीत सुटली, त्यानंतर सही सोडून काही लिहिलेलं नाही. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं असं काही मी म्हणणार नाही. नाही आवडलं तर ठेवून द्यावं.

तांब्या चनबसप्पा अण्णांचा. अण्णा सोलापूरच्या म्युन्शिपाल्टीत रस्त्यांचे ओव्हरसियर. मी त्यांच्या हाताखाली साखळी धरायचो, म्हणजे रस्ता मोजायची लोखंडी साखळी. एक टोक माझ्याकडं, एक अण्णांकडं. दुष्काळात मी नातेपुत्याकडनं पोटासाठी इकडं आलो, आधी खडी फोडली, मग या साखळीला लागलो. साखळीची गोष्ट अशी की मधे कुठंही ढिली सोडली तरी दुसऱ्या टोकाला कळतं. अण्णा लांबून ओरडायचे, "मारत्याऽ, झोप लागली काय रं?"

माणूस उंच, काटकुळा. पांढरं धोतर, काळी टोपी, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. घरात कानडी, कचेरीत मराठी, आणि रस्त्याशी बोलायचं असलं की दोन्ही. होय, रस्त्याशी. खड्डा दिसला की उकिडवे बसायचे, बोटानं कड चाचपायचे आणि दुखऱ्या जनावराशी बोलावं तसं बोलायचे. "काय केलं रं तुला? कुणाची गाडी गेली?" शिव्या कानडीत द्यायचे, त्यामुळं निम्म्यांना कळायच्या नाहीत. निम्म्या सोलापूरला कळायच्या.

आता रस्ते ठरायचे कसे ते सांगतो, नाहीतर तांब्याचं काय ते कळायचं नाही. गावात बोळ कितीतरी आणि डांबराची पिंपं थोडी. दरसाल उन्हाळ्याच्या आधी म्युन्शिपाल्टीत यादी व्हायची, यंदा कुठले रस्ते करायचे. नगरसेवक आपापल्या वॉर्डाच्या चिठ्ठ्या पाठवायचे. प्रत्येक चिठ्ठीत लिहिलेलं असायचं की आमच्या रस्त्याएवढा वाईट रस्ता जगात नाही. मग ओव्हरसियरनं हिंडून बघायचं, क्रम लावायचा, इंजिनेर साहेबानं त्यावर सही करायची आणि शेवटी स्थायी समितीनं बसून मंजूर करायचं. अण्णांच्या आधी क्रम लागायचा तो आवाजावर. ज्याचा घसा मोठा त्याचा रस्ता पहिला.

अण्णांनी काय केलं, सायकलीच्या हँडलला तारेचं एक कडं करून घेतलं. त्यात हा तांब्या बसवायचा. काठोकाठ पाण्यानं भरायचा. रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकल चालवायची, तोंडानं "ओंदु, एरडु, मूरु" असं एक-दोन-तीन मोजत, त्याच चालीत पायडल मारत, म्हणजे वेग कमी-जास्त व्हायला नको. टोकाला उतरून तांब्यात बोट घालायचं. काठापासून पाणी किती पेरं खाली गेलं ते बघायचं. एक पेर गेलं तर रस्ता चालण्यासारखा. दोन गेली तर वाईट. तीन म्हणजे माणसानं तिथं राहू नये. कागदावर अर्थात तसं लिहायचे नाहीत. कागदावर 'अतिखराब'. पण कचेरीतला शिपाईसुद्धा विचारायचा, "अण्णा, आज किती पेरांचा?"

इंजिनेर साहेब पुण्याचे, शिकलेले. आधी हसले. पण एकदा दोन नगरसेवक त्यांच्या टेबलावर हात आपटत भांडायला लागले, तेव्हा साहेब खुर्चीवरून उठत म्हणाले, "मला विचारू नका, तांब्याला विचारा." तेव्हापासून तांब्या म्युन्शिपाल्टीत पर्मनंट झाला. माझ्या आधी.

तांब्याला पोचा होता. एकदा मी म्हणालो, "अण्णा, कासाराकडनं पोचा काढून आणू का?" तर अंगावर आले. "पोचा काढलास तर पाणी जास्त मावंल. मग गेल्या सालचे रस्ते आणि यंदाचे रस्ते एका मापानं कसं मोजायचे, तुझ्या डोक्यानं?" सायकलीचं सीटही त्यांनी कधी खालीवर केलं नाही. टायर बदलायचा झाला तरी तोंड सुतकात असल्यासारखं करायचे.

एका फाल्गुनातली गोष्ट. ऊन मी म्हणत होतं. दुपारी आम्ही भाकरी-चटणी खाऊन लिंबाखाली बसलेलो. अण्णा शेंगा फोडत होते. हात मधेच थांबला. "मारत्या, सकाळचा दुसरा रस्ता. पाणी दोन पेरं गेलं की न्हाय?"

"व्हय."

"त्यातलं मी किती पिलं?"

मला आठवेना. त्यांना आठवलं. निम्म्या वाटेत तहान लागली म्हणून सायकल चालवता चालवताच तांब्या काढून घोट घेतला होता आणि परत कड्यात ठेवला होता. शेंगा तशाच टाकून उठले. त्या उन्हात उलटं तीन मैल. रस्ता पुन्हा चालवला. एकच पेर गेलं. त्या वॉर्डातली माणसं दारात उभी राहून बघत होती. एकानं विचारलं, "अण्णा, आमचा रस्ता दुपारपातूर सुधारला व्हय?" अण्णा म्हणाले, "न्हाय रं बाबा. माझी तहान तुमच्या नावावर लिहिली होती."

असा माणूस. आणि अशा माणसाच्या तांब्यात आम्ही हात घातला.

आमचा बोळ म्हणजे दगड, मधून गटाराचं पाणी आणि पावसाळ्यात काळी माती, जी चप्पल एकदा धरली की परत देत नाही. भामा घरी विड्या वळायची. बोळातल्या सगळ्याच बाया वळायच्या. आमची दोन मुलं आधी गेली होती. पहिलं पोटात. दुसऱ्या वेळी कळा आल्या तेव्हा टांगा बोळात येईना, म्हणून बाजेवर घालून चौघांनी उचलली, एकाचा पाय दगडावरनं गेला, बाज आपटली. दवाखान्यातली बाई म्हणाली, धक्क्यानं झालं. तिसऱ्या खेपेला तीच बाई म्हणाली, "या वेळी हिला जराही हादरा नको. कळा सुरू झाल्या की लगेच टांग्यात घालून आणायची." टांगेवाला बाबूभाई आमच्या ओळखीचा. त्याला विचारलं तर म्हणाला, "भाभी के वास्ते मैं आता. मगर मेरी घोडी नहीं आती. उसके पाँव टूटे तो मेरे घर का क्या?" घोडीचंही खरंच होतं.

त्या साली आमच्या बोळाची चिठ्ठी कचेरीत होती. बाळंतपण जेठात. डांबर चैत्र-वैशाखात पडणार. म्हणजे यंदा झाला तर झाला. भामा म्हणायची, "तुमच्या अण्णाला सांगा की." मी म्हणायचो, "अण्णाला सांगून चालत न्हाय. तांब्याला सांगावं लागतं." ती म्हणाली, "तांब्या कवा येणार हाय?" आणि मी गाढवानं दिवस सांगितला. सोमवारी सकाळी.

सोमवारी अण्णा बोळाच्या तोंडाशी आले, तांब्या भरला, "ओंदु, एरडु" म्हणत निघाले. मी साखळी घेऊन मागं. दहा पावलांत मला कळलं. बोळात जिथं नव्हते तिथं खड्डे होते. दगड उपटून आडवे ठेवलेले. दिवस उगवायच्या आत बायांनी पहारी चालवल्या होत्या. सायकल अशी उडायला लागली की अण्णांची टोपी पडली. दारादारात बाया उभ्या, डोक्यावर पदर, एकदम गरीब तोंडं. मधूनच एखादी "अगंबाई" म्हणत होती.

टोकाला अण्णा उतरले. तांब्यात बोट घातलं. बोट तळाला लागलं.

त्यांनी मागं वळून एका खड्ड्यातली माती चिमटीत घेतली. खालची माती ओली, काळीभोर. "मारत्या, हितं सायकल न्हाय, नांगर चालला. कुणाला सांगितलं होतंस?"

मी खाली बघितलं. तेवढ्यात भामा पुढं आली. सहावा महिना, कमरेवर हात. "त्यांस्नी काय इचारताय? मी खणायला लावलं."

"तुला रस्ता पायजे का खड्डे, बाई?"

"रस्ता पायजे. पर खड्डं दावल्याबिगर तुमी रस्ता देत न्हाय की."

अण्णांनी चिमटीतली माती झटकली. मग त्यांनी तिच्या पोटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी कधी त्यांना घरचं काही सांगितलं नव्हतं. भामानंच सगळं सांगितलं. बाज, दवाखाना, घोडी. सांगताना रडली नाही. रडणारी नव्हतीच ती.

खोटं केलेला रस्ता त्या सालच्या यादीतून बाद, हा अण्णांचा नियम. पण त्या दिवशी म्हणाले, "सगळं भरा. जिथला दगड तिथं. पंधरा दिवस माणसं, जनावरं तुडवू देत. मग येतो. आणि दिवस मारत्याला सांगणार न्हाय."

आले ते सांगितल्याशिवाय आले. अडीच पेरं. यादीत आमचा बोळ पाचवा लागला. आणि डांबर होतं चार रस्त्यांपुरतं.

चौथा होता अण्णांचा स्वतःचा. शुक्रवार पेठेतला. तीन पेरं. तो त्यांनी कधी वर लावला नव्हता, कारण लागत नव्हता. गेल्या पावसाळ्यात मात्र पार वाहून गेला. त्यांच्या मंडळी गौरक्का त्याच बोळात घसरून पडल्या, गुडघा कायमचा गेला. त्या दारातूनच ओरडायच्या, "साऱ्या गावाचे रस्ते करतंय माझं माणूस. माझ्या दारात तळं." यंदा अण्णांनी तो पण मोजला, आणि जिथं लागला तिथं लिहिला. त्यात काही खोटं नव्हतं.

मी घरी येऊन भामाला एवढंच सांगितलं, पाचवा आला. ती म्हणाली, "बरं." आणि विड्या वळत बसली. त्या दिवशी तिनं वळलेल्या विड्या ढिल्या झाल्या, कारखान्यातनं परत आल्या.

स्थायी समिती बसली तेव्हा मी दाराबाहेर साखळी घेऊन उभा होतो. आतलं सगळं ऐकू येत होतं. एक नगरसेवक होते, सगळे त्यांना आप्पासाहेब म्हणायचे. त्यांना गावाबाहेरच्या नव्या प्लॉटांचा रस्ता यादीत घालायचा होता. तिथं बंगला एकच, त्यांच्या मेव्हण्याचा. आप्पासाहेब म्हणत होते, "हे तांब्याचं काय चाललंय? आम्ही जनतेचे प्रतिनिधी का तांब्या?"

अण्णा म्हणाले, "साहेब, भरला तांब्या हातात घेऊन एकदा बसून बघा की. टांगा खाली हाय. आधी तुमचा रस्ता. मग माझ्या यादीतला."

सभापती जरा गमत्या माणूस. म्हणाले, "कुठला, पहिला?"

"पहिले चार राहू देत. डांबर न पुरल्यामुळं जो राहिला तो दावतो. पाचवा."

खाली बाबूभाईचा टांगा. त्यानं आप्पासाहेबांच्या हातात तांब्या बघितला आणि म्हणाला, "अण्णा, सवारी कौन है, साहब या लोटा?" मी आणि अण्णा सायकलीवर मागं. प्लॉटांचा रस्ता नवा मुरूम टाकलेला, सपाट. एक थेंब सांडला नाही. आप्पासाहेबांचं तोंड पडलं. सभापती म्हणाले, "रस्ता फारच वाईट दिसतोय हो."

मग आमचा बोळ. बाबूभाईनं तोंडाशी घोडी थांबवली, आकाशाकडं बघून काहीतरी पुटपुटला आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती घोडी आमच्या बोळात शिरली, पाऊल पाऊल करत. तिसऱ्या दगडाला निम्मा तांब्या आप्पासाहेबांच्या मांडीवर गेला. पाचव्याला उरलेला छातीवर. बाया दारात. या वेळी कुणी काही खणलं नव्हतं, तरी सगळ्या चोरासारख्या उभ्या. टांगा आमच्या दारापुढं आला तेव्हा भामा म्हणाली, "सायेब, उतरता का? धोतर वाळत घालती."

कचेरीत परत आल्यावर आप्पासाहेब ओल्या धोतरानं खुर्चीवर बसले आणि सरळ वर्मावर बोलले. "तांब्या कुणाच्या हातात असतो? ओव्हरसियरच्या. यादीत चौथा बोळ कुणाचा? ओव्हरसियरचा. वाचा, नाव वाचा."

मला वाटलं आता अण्णा कानडीत सुरू होणार. ते म्हणतील, माझ्याही बोळात टांगा न्या, माझ्याही बोळात तांब्या धरा. सभापती तयारही झाले असते. तीन पेरं होती, खरीखुरी.

अण्णा म्हणाले, "बरोबर हाय साहेब. शंका नको. माझा काढा."

"काढा?" सभापती म्हणाले. "मग त्या जागी?"

"खालचा वर घ्या. पाचवा. आत्ता आप्पासाहेबांची अंघोळ झाली त्यो."

असं हसू झालं की बाहेरचे कारकून आत डोकावले. हसता हसताच मंजूर झालं. आप्पासाहेबांना विरोध करता येईना, धोतर ओलं होतं.

मी अण्णांबरोबर त्यांच्या घरापर्यंत गेलो. बोलायला तोंड उघडलं की ते म्हणायचे, "होगली बिडु." म्हणजे जाऊ दे, सोड. बोळाच्या तोंडाशी सायकलवरून उतरायचे आणि पुढं चालत जायचे, कारण मोजण्यापुरती सोडली तर त्या दगडांतनं ते सायकल घालायचे नाहीत. गौरक्का उंबऱ्यात बसलेल्या, पाय लांब करून. अण्णांनी कानडीत सांगितलं. त्यांनी कानडीत ऐकवलं. लई वेळ ऐकवलं. मला शब्द कळले नाहीत, पण शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. मग त्या थांबल्या आणि मला कळावं म्हणून मराठीत विचारलं, "कुणाचा घेतला मग?"

अण्णा म्हणाले, "एक बाई हाय. पोटुशी. आधीची दोन गेली."

गौरक्का माझ्याकडं बघत राहिल्या. मग भिंतीला धरून उठल्या, कळशी पुढं ढकलली. "पाय धुवून या. चिखल घरात आणू नका. तुमीबी धुवा हो, पावनं."

निघताना अण्णांनी माझा दंड धरला. "तुझ्या बायकोला यातलं काही सांगायचं न्हाय. ती उद्या पहार घेऊन माझ्या बोळात येईल."

मी नाही सांगितलं. भामाला आयुष्यभर वाटत राहिलं की आपला बोळ झाला तो आप्पासाहेबांच्या धोतरामुळं. लोकांना सांगताना डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसायची. मी पण हसायचो. पुढं कधीतरी सांगू म्हणायचो. शेवटी दवाखान्यात ती दोन दिवस बोलत होती, तेव्हाही सांगता आलं असतं. तेव्हा मी तिला मोसंबी सोलून देत बसलो.

वैशाखात आमच्या बोळात रूळ फिरला. बाया रुळापुढं नारळ फोडून मोकळ्या झाल्या. जेठात एका दुपारी कळा आल्या आणि बाबूभाई घोडी दुडक्या चालीत घेऊन दारापर्यंत आला. भामा टांग्यात बसली, मी शेजारी, तिचा हात माझ्या हातात. बोळ संपेपर्यंत तिनं डोळे मिटून घेतले होते. मोठा रस्ता लागल्यावर म्हणाली, "संपला का बोळ? कळलंच न्हाय." लेक झाली. तीच ही, तांब्या मोडीत घालणारी.

अण्णा त्याच वर्षी रिटायर झाले. त्यांच्या जागी आलेल्या माणसाकडं टेप होती, तांब्या नव्हता. शुक्रवार पेठेतला तो बोळ पुन्हा यादीच्या तळाशी गेला. तळाशी कुणी बघत नाही.

रिटायर झाल्यावर एकदा ते आमच्याकडं आले. बोळाच्या तोंडाशी मला दिसले. सायकल थांबवली, नळावर तांब्या काठोकाठ भरला, कड्यात ठेवला, आणि "ओंदु, एरडु, मूरु" म्हणत आमच्या बोळातून आले. बाया दारात. कुणी हललं नाही. आमच्या दारापुढं उतरून बोट घातलं. बोट वरच्या वर ओलं झालं. भामाच्या कडेवर लेक होती. तिनं तांब्याला हात घातला तसं थोडं पाणी सांडलं. अण्णा म्हणाले, "हां. आता सांडलं." आणि तांब्या भामाच्या हातात दिला. "ठेव. माझ्याकडं आता रस्ते न्हायत."

भामा म्हणाली, "अण्णा, च्या तरी घ्या." नको म्हणाले, गौरक्काची औषधं घ्यायची होती.

मला त्यांच्याच दिशेला काम होतं, म्हणून मागोमाग निघालो. शुक्रवार पेठेत त्यांच्या बोळाच्या तोंडाशी ते सायकलवरून उतरले. हँडलला रिकामं कडं. एका हातानं धोतराचा सोगा वर धरला, दुसऱ्या हातात सायकल, आणि दगडावरून दगडावर पाय ठेवत आत निघाले. मधे एका ठिकाणी थांबले, उकिडवे बसले, एका खड्ड्याची कड बोटानं चाचपली. त्याला काहीतरी बोलले. लांबून मला ऐकू आलं नाही. मग उठून हात धोतराला पुसला आणि आत गेले.